वायच धर!

"वायच धर रे ह्यां."

एवढं म्हणून बाई समोरच्याच्या हातात काहीतरी कोंबायच्या. नावगाव नंतर. आधी हेल्मेट. नाहीतर छत्री, नाहीतर अर्धा फणस, नाहीतर बांगडे भरलेली गळकी पिशवी. वायच म्हणजे थोडंसं, क्षणभर; पण बाईंचा क्षण केवढा असेल याचा काही नेम नसे. आमच्या शाळेच्या शिपायाला त्यांनी एकदा नारळाचं रोप धरायला दिलं आणि त्या बोलत बसल्या. तो बिचारा इतका वेळ उभा राहिला की रोपाला नवी झावळ फुटली. मी स्वतः पाहिली. आणखी थोड्या वेळानं शहाळी पण निघाली असती.

आमची शाळा मालवणच्या किनाऱ्यावर, तोंडवलीच्या अलीकडं. मी तिथं चित्रकलेचा मास्तर. बाईंना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मधल्या सुट्टीत आठवीतली दोन पोरं एकमेकांच्या उरावर बसली होती. त्यांच्याभोवती सगळी शाळा, शाळेभोवती सगळा गाव आणि गावाभोवती समुद्र, सगळे मान उंच करून बघत होते. मारामारी सोडवण्यापेक्षा तिचं रेखाटन करणं मला जास्त जमलं असतं, म्हणून मी लांबच होतो. तेवढ्यात एक बुटकी, जाड भिंगांचा चष्मा लावलेली बाई स्कूटर भिंतीला टेकवून गर्दीत घुसली. वर बसलेल्या पोराला म्हणाली, "वायच धर रे," आणि डोक्यावरचं हेल्मेट काढून त्याच्या हातात दिलं. मोठ्या माणसानं वस्तू पुढं केली की आपल्याकडची पोरं ती धरतात. राग कितीही असो, हात पुढं येतोच. खालचा धडपडत उठतोय तोवर त्याच्या हातात माशांची पिशवी.

"तू ह्यां धर. सरळ धर हां, पाणी गळता."

एकाच्या हातात हेल्मेट, दुसऱ्याच्या हातात बांगडे. आता मारणार कशानं? दोघे एकमेकांकडे बघत उभे राहिले आणि गर्दीतलं कुणीतरी हसलं.

मी नंतर विचारलं, "मॅडम, हे तुमच्या कोर्सात शिकवतात?"

"कोर्सात वेगळां शिकवतत," बाई म्हणाल्या. "ह्यां माझ्या आवशीचां, आईचां. आमच्या घरात पोरांचो बाजार होतो. भांडान करूक लागलंव की ती एकाच्या हातात ताकाचा भांडा देय, दुसऱ्याच्या हातात तान्हा पोर. हात भरलेले असले की मूठ वळणा नाय, सर."

माहेर फोंडाघाटचं. कुडाळात एक खोली घेऊन राहायच्या. कसल्याशा प्रकल्पातून कंत्राटावर त्यांची नेमणूक झाली होती आणि किनाऱ्यावरच्या कितीतरी शाळा एकट्या त्यांच्या गळ्यात होत्या. काम काय, तर जी पोरं मारतील, मरतील, पळून जातील अशी भीती आहे, त्यांच्याशी आणि त्यांच्या घरच्यांशी बोलायचं. कागदावर याला समुपदेशन म्हणतात. गावानं सोपं केलं: खुळ्यांची बाई. त्यामुळं कुठल्याही घरापुढं त्यांची स्कूटर थांबली की आतून पहिला आवाज यायचा, "आमच्याकडे कोणी खुळो नाय!"

"माका ठाऊक आसा," बाई बाहेरूनच म्हणायच्या. "पाणी मेळात काय?"

शाळेनं त्यांना खेळाच्या सामानाची खोली दिली होती. त्या तिथं कधी बसल्या नाहीत. "दार लावलं की पोर बाहेर येईपर्यंत बातमी देवगडला पोचते," असं त्यांनी मुख्याध्यापकांना सांगितलं. ऑफिसात त्या अगदी शुद्ध बोलत, चष्मा पुसून. मग पाण्याच्या टाकीजवळच्या पायरीवर जाऊन बसत. तिथं त्यांच्याजवळ बसलेल्या पोराकडं बघून काही कळत नसे. वाटे, पाणी प्यायला आलाय.

आता मंथनचं सांगतो.

मंथन नववीत होता. काटकुळा, अबोल, पोहण्यात मासा. त्याचा बाप तोंडवलीच्या किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवणाऱ्या होड्यांवर कामाला. पाण्यावर त्याच्यासारखा माणूस नाही, आणि दारू पोटात गेली की जमिनीवर त्याच्यासारखा पडणारा नाही. एका दुपारी भरल्या किनाऱ्यासमोर तो होडीत चढायला गेला आणि पडला. उठला, परत पडला. पर्यटक टाळ्या वाजवू लागले. त्यांच्यात ओंकार होता, मंथनच्याच वर्गातला. ओंकारच्या घरी पर्यटकांची राहण्या-जेवणाची सोय, म्हणून तो पाहुण्यांना घेऊन आला होता. त्यानं मोबाइल काढला, शूटिंग केलं, प्रत्येक पडण्यावर ढोलाचा आवाज बसवला आणि रील करून सोडून दिलं.

ते रील गावात बघितलं नाही असं कोणी उरलं नाही. आमच्या शेजारची म्हैस सुद्धा मंथनच्या बापाला बघून मान वळवायची.

वर्गात मंथन बाकावर बसला की मागून कुणीतरी हळूच म्हणायचं, "धप्प!" सरांनी हजेरी घेतली, हा उभा राहून बसला, "धप्प!" फळ्यावर गणित सोडवून जागेवर आला, "धप्प!" पहिल्यांदा तो रडला. मग एकाला ढकललं. मग काहीच करेनासा झाला आणि तिथून आमची काळजी सुरू झाली. कारण एका सकाळी, धप्प झाल्यावर, तो मागं वळला आणि अगदी हळू, कानात सांगावं तसं ओंकारला म्हणाला, "तुका मी असो पाडतलंय, परत उठचंस नाय."

ओंकार हसला. पण त्याच्या हातातली पेन्सिल खाली पडली.

त्याच दिवशी दुपारी मंथनची आई पाण्याच्या टाकीपाशी आली. पदराचं टोक तोंडात धरून बाईंना म्हणाली, "बाई, घरातली कोयती बरेच दिवस दिसत नाय."

आता कोयती ही काही आमच्याकडं तोफ नव्हे. माडाची झावळं तासायला, फणस फोडायला, चुलीचं लाकूड करायला ती प्रत्येक घरात असते. पण असते ती दाराआड, तिच्या जागी. ती जागेवर नसली की घरातलं सगळंच जागेवरून हलतं. ही बातमी टाकीपासून शिक्षकांच्या खोलीपर्यंत आली तोवर कोयतीची तलवार झाली होती. माझ्यापर्यंत पोचली तेव्हा बंदूक, आणि मीही काही हातात आलेली गोष्ट लहान करून पुढं देणारा माणूस नव्हे. पण बाहेर कितीही हसलो तरी त्या दिवसापासून शाळेचा श्वास कोंडला. वर्गात कुणाची कंपासपेटी पडली तरी शेजारच्या चारही वर्गांत मास्तर दाराशी यायचे.

ओंकारचा बाप दुसऱ्या दिवशी सकाळीच ऑफिसात येऊन टेबलावर मूठ आपटून गेला. "माझ्या झिलाक कायव झालां तर ह्या शाळेचो एकव कौल जाग्यार ठेवचंय नाय!"

मुख्याध्यापकांनी बाईंना बोलावलं. मीही होतो.

"बाई, आपण त्या मुलाला घरी बसवू. नंतर दाखला देऊन टाकू."

"घरी कोण आहे, सर?" बाईंनी विचारलं.

"आईवडील."

"आणि ती कोयती?"

"ती सापडत नाही ना!"

"म्हणजे दिवसभर तो आणि न सापडलेली कोयती. शाळेत निदान आपण आहोत."

मुख्याध्यापकांनी उठून पंखा वाढवला. मग म्हणाले, "सहामाही परीक्षेपर्यंत. पण मध्ये काही झालं तर जबाबदारी तुमची."

"बरं," बाई म्हणाल्या. भाजीवालीला पिशवी पुढं करताना म्हणावं तितक्या साधेपणानं.

शाळेतर्फे बाईंच्या सोबतीला मला देण्यात आलं, कारण माझ्याकडं तास कमी आणि अंग जास्त. रोज सकाळी फाटकापाशी मंथनची पिशवी तपासायची, हे माझं पहिलं काम. माझा हात पिशवीत जाई आणि तो समुद्राकडं बघत उभा राही. वह्या, डबा, एकदा एक शंख. प्रत्येक वेळी मी त्याची पाठ थोपटे. बाईंनी हे दोनचारदा पाहिलं.

"पिशवी रिकामी निघाली की तुम्हाला बरं वाटतं, सर," त्या म्हणाल्या. "त्याका काय वाटता?"

मी तपासणं सोडलं. मग फाटकापाशी बाई स्वतः थांबू लागल्या. तो दिसला की, "मंथन, वायच धर रे." एक दिवस स्कूटरच्या डिकीतली सगळी अडगळ, एक दिवस कलिंगड. ते दोन्ही हातांनी पोटाशी धरून तो माझ्यापुढून शाळेत शिरायचा आणि मला उगाच वाटायचं की आजचा दिवस टळला.

पण बोलायला तो येईना. आणि बापानं सांगितलं, तो पाठवणार नाही. बाई त्याच्या घरी गेल्या तेव्हा त्यानं तोंड न वळवता सांगितलं, "देवाक विचारल्याशिवाय आमी कायव करणव नाय."

आता तुम्ही किनाऱ्यावरचे असाल तर तुम्हाला सांगायला नको. नसाल तर ऐका: विहीर खोदायची, होडी पाण्यात घालायची, मुलीला स्थळ बघायचं, आधी देवाला कौल लावायचा. गुरव देवाच्या अंगावर दोन्हीकडं फुलाच्या कळ्या लावतो आणि प्रश्न विचारतो. उजवी कळी पडली तर हो, डावी पडली तर नाही. पोराला समुपदेशनाला पाठवण्यासाठी कौल लागल्याचं मात्र मी आयुष्यात प्रथमच ऐकलं. गेलो बघायला. बाई पण आल्या, हात जोडून एका बाजूला उभ्या राहिल्या.

डावी पडली.

बापानं सुटका झाल्यासारखा श्वास सोडला. आई खांबाला टेकून खाली बसली. मला वाटलं, संपलं. उद्या मुख्याध्यापक दाखला लिहितील. बाईंनी मात्र गुरवाला विचारलं, "काका, तुमी नेमक्या काय विचारल्यात?"

"झिलाक बाईकडे धाडू काय म्हणान विचारलंय."

"देवान नको म्हटल्यान."

"नको म्हटल्यान."

"बरां. मगे नको धाडूक. बाईन तेच्या घराक येवचां काय, ह्यां विचारल्यात?"

गुरव डोकं खाजवू लागला. "तां खंय विचारलंव?"

"मगे देव तेच्यार कायच बोललो नाय," बाई म्हणाल्या आणि देवाला पुन्हा एकदा नमस्कार केला. "संध्याकाळी येतंय मी. चाय ठेव गो वैनी."

गुरव इतका हसला की देवाच्या अंगावरची उजवी कळीपण पडली. ती हसण्यानं पडली की कशानं, यावर गावात अजून दोन मतं आहेत.

त्यानंतर शाळा सुटली की मी बाईंच्या स्कूटरवर मागं. ती स्कूटर माझ्या वजनानं पुढचं चाक उचलायची. चढावर आम्ही जवळजवळ घोड्यावरच असू. मंथनच्या घरापुढच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, बाई जमिनीवर बसायच्या. त्याच्या आईबरोबर मासे साफ करायच्या, नाहीतर सुकट वाळत घालायच्या. मंथन माडाला टेकून लांब उभा. बाप पाठ करून बसलेला. कुणी काही विचारायचं नाही. मला ते असह्य व्हायचं. वाटायचं, ओरडून विचारावं, अरे कोयती कुठंय? बाई डोळ्यांनीच मला गप्प करायच्या.

एका संध्याकाळी त्यांनी मिटलेलं जाळं उचललं आणि बापाच्या मांडीवर ठेवलं. "दादानू, वायच धरा ह्यां. हय फाटलां, माका शिवूक येणा नाय."

त्यानं धरलं. बोटं आपोआप फाटका भाग शोधू लागली. आणि जाळ्याकडं बघतच तो म्हणाला, "बाई, त्यां मोबाइलातलां मी बघलंय. शंभरदा बघलंय. लोक हसतत तां ठीक आसा. पण शेवटाक, मी चिखलात पडलंय तेव्हा, मागे माझो झिल उभो दिसता. तुमी बघलात?"

आम्ही कुणीच बघितलं नव्हतं. सगळ्या गावानं पडणारा बाप बघितला होता. माडाला टेकलेला मंथन तिथून निघून गेला.

बाई ओंकारकडेही जात. कोयतीची बातमी कानावर आल्यावर त्यानं रील काढून टाकलं होतं, पण ते आता शंभर मोबाइलांत होतं. भरतीचं पाणी घागरीत परत थोडंच भरता येतं? पोरगा सुकला होता. त्याची आई म्हणाली, जेवत नाही, एकटा परसात जात नाही. त्यानं बाईंना सरळ विचारलं, "तो माका मारतलो?"

मी म्हणणार होतो, छे रे! बाई म्हणाल्या, "माका ठाऊक नाय, बाबू. म्हणान तर मी रोज येतंय."

परत येताना मी चिडलो. "पोराला धीर तरी द्यायचात!"

"खोटो धीर दिलो तर उद्या माझां कोण आयकतलो?"

"तुम्हाला भीती नाही वाटत?"

"भूक लागली," बाई म्हणाल्या आणि स्कूटर वड्याच्या गाडीकडं वळवली.

परीक्षा जवळ आली होती. मुख्याध्यापक आता मला रोज फक्त भुवईनं विचारायचे आणि मी फक्त मान हलवायचो. मग एका दुपारी, शाळेला सुट्टी होती, आम्ही स्कूटरवरून जाताना मंथन किनाऱ्यावर एका मोडक्या होडीपाशी बसलेला दिसला. बाईंनी स्कूटर थांबवली, हेल्मेट त्याच्या मांडीवर ठेवलं आणि वाळूत बसल्या. मी थोडा मागं, समुद्र बघण्याचं नाटक करत.

मग तो हेल्मेटशीच बोलल्यासारखा बोलू लागला.

"बापाशीन आवशीर उगारलेल्यान कोयती. दारूत. रीलाच्या आधी. म्हणान मी ती लपवलंय. हय, होडीखाली."

"बरां केलंस," बाई म्हणाल्या.

"बापाशीपासून लपवलंय." तो थांबला. "आता माझ्यापासून ती कोण लपयतलो? रोज येतंय. आसा काय बघतंय. रोज वाटता, काढूची आणि जावचां."

"आज वाटलां?"

"सकाळी वाटलां. आताव तुमी इल्यात तेव्हा उकरूकच बसलेलंय."

होडी माझ्यापासून हाताच्या अंतरावर होती. मी पुढं झालो, वाळू उकरून ती कोयती समुद्रात फेकून देणार होतो. एवढ्या जोरात की अरबस्तानात जाऊन पडली असती. बाईंनी माझा सदरा मागून धरला.

"मी घेऊ तुझ्याकडसून?" त्यांनी मंथनला विचारलं.

"तुमी शाळेत देतल्यात. शाळा बापाशीक देतली. तो परत दाराआड ठेवतलो."

"मगे कोणाक देऊया? जो परत देवचो नाय असो?"

मंथननं हेल्मेटची पट्टी बोटाला गुंडाळली. मग म्हणाला, "राखणदाराक."

आमच्या गावाच्या शिवेवर, सुरूच्या झाडांत, एक काळा दगड आहे. तो गावाचा राखणदार. लोक त्याच्यापुढं काठी ठेवतात, वहाणा ठेवतात, विडी ठेवतात, कारण तो गावाभोवती फिरतो असं मानतात. त्याला दिलेली वस्तू परत उचलायची नाही. चोरसुद्धा उचलत नाही. एका पर्यटकानं तिथल्या वहाणा पायात घातल्या, तर त्या त्याला घेऊन उजाडेपर्यंत शिवेवरून चालत राहिल्या असं सांगतात. म्हणजे मीच सांगतो. पण गंमत सोडा, त्या दगडापुढून कोयती उचलायची छाती मंथनची नव्हती आणि त्याच्या बापाचीही नव्हती, कितीही प्याला तरी.

"चल तर," बाई उठल्या. हेल्मेट, पिशवी, छत्री सगळं त्यांनी स्कूटरवर ठेवलं. "तू काढ आणि घेऊन ये. आमी पुढे चलतंव."

म्हणजे कसं, तुम्हीच बघा. पुढं बाई, त्यांच्यामागं मी आणि माझ्या पाठीमागं तो पोरगा, हातात उघडी कोयती. माझी पाठ इतकी मोठी आहे हे मला त्या दिवशी कळलं. तिच्यावरचा प्रत्येक केस मागं बघत होता. मी वळू लागलो की बाई हळूच म्हणायच्या, "सरळ चला, सर."

सुरूच्या बनाच्या तोंडाशी समोरून सायकलवर ओंकार आला. हँडलला पावांची पिशवी. आम्हाला बघून थांबला, मग आमच्या मागं बघितलं. वाट अरुंद, दोन्ही बाजूंना काटेरी केवडा. सायकल वळवायला जागा नाही.

मी बाईंच्या हातांकडं बघितलं. ते रिकामे होते. हातात द्यायला त्यांच्याकडं काही नव्हतं, पदराला बांधलेली किल्लीसुद्धा नव्हती. त्या वाटेच्या कडेला उभ्या राहिल्या.

मंथन माझ्या बाजूनं पुढं आला. कोयतीवर अजून ओली वाळू चिकटलेली. दोघांच्यात सायकलचं पुढचं चाक तेवढं होतं.

"मी... मी काढून टाकलंय तां," ओंकार म्हणाला.

मंथन त्याच्याकडं बघत राहिला. किती वेळ, ते मला विचारू नका. माझ्या हिशेबानं भरती येऊन ओहोटी लागली. मग तो म्हणाला, "माका कित्याक सांगतंस? पडलो तो मी न्हय. बापूस घराक आसा. तेका सांग."

आणि केवड्याला अंग घासत सायकलच्या बाजूनं निघून गेला. दगडापुढं त्यानं कोयती ठेवली, हात जोडले, काहीतरी पुटपुटला. आम्ही लांब उभे राहिलो. मग तो परत आला. मी त्याला जवळ घेतलं. पोरगं इतकं हलकं असेल असं वाटलं नव्हतं.

"सर, चाय मेळात खंय?" बाई म्हणाल्या.

ओंकार खरंच गेला. आईला घेऊन, दुसऱ्या दिवशी, मंथनच्या खळ्यात. मी तिथं नव्हतो, पण मंथनच्या आईनं नंतर सांगितलं. पोरगा रडत काय काय बोलला. बापानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तू इलंस, बरां केलंस. पण मी पडलेलंय, तां खरांच रे." मग त्यानं दोघांना चहा पाजला.

म्हणजे सगळं गोड झालं असं समजू नका. बाप पुढंही प्यायचा, कधी कमी, कधी जास्त. वर्गात परत एकदा कुणीतरी "धप्प" म्हणालं, तेव्हा ओंकार मागं वळून नुसता बघत राहिला, आणि ते शेवटचं. मंथन आणि ओंकार मित्र झाले नाहीत. पण सहामाही झाली, वार्षिक झाली. दहावी पास होऊन मंथन कुडाळला मोटर दुरुस्ती शिकायला गेला. एसटीत भेटला तर अंगठ्याला लागलेलं ग्रीस पँटला पुसून नमस्कार करतो.

बाईंचा प्रकल्प बंद झाला. एक पत्र आलं आणि त्या पुढच्या आठवड्यापासून आल्या नाहीत; निरोप नाही, नारळ नाही. कुडाळची खोली सोडून फोंडाघाटला परत गेल्याचं कळलं. मुख्याध्यापक, माणूस वाईट नव्हे, एकदा चहा पिता पिता म्हणाले, "तसं बघितलं तर झालं काहीच नाही. मग बाईंनी नेमकं केलं काय, हे वर लिहून कसं कळवणार?" मी कप खाली ठेवला आणि उठलो.

खरं सांगायचं तर माझी धाकधूक गेली नव्हती. गावात कुठं भांडण ऐकलं, मंथनचा बाप झिंगत जाताना दिसला, की माझे पाय रविवारी सकाळी आपोआप शिवेकडं वळत. लांबून बघायचं, आहे ना, आणि परत यायचं. कुणाला सांगितलं नाही. एवढा मोठा माणूस, गंजकी कोयती बघायला जातो म्हणजे लोकांनी मलाच बाईंकडं धाडलं असतं.

मागच्या पावसाळ्यानंतर असाच गेलो. सुरूंच्या खाली मर्यादवेल माजली होती, जांभळ्या फुलांची, वाळूवर पसरत जाते ती. दगडापुढं सगळं हिरवंगार झालं होतं. आणि दगडापुढं कुणीतरी उकिडवं बसलं होतं.

बाई होत्या.

फोंडाघाटहून इथं यायचं म्हणजे एसटी बदलून यावं लागतं, अर्धा दिवस जातो. पायांत धुळीनं भरलेल्या चपला. त्या दोन्ही हातांनी भराभर वेल बाजूला सारत होत्या, काही हरवल्यासारखं इकडं बघत, तिकडं बघत. चष्मा घसरला होता तो सावरायचंही भान नव्हतं. मग एका जागी त्यांचे हात थांबले. त्यांनी डोळे मिटले आणि तशाच बसून राहिल्या. खांदे वर गेले आणि खूप सावकाश खाली आले.

हाक माझ्या ओठांपर्यंत आली होती. मी सुरूच्या आड झालो.

बाईंनी वेल पुन्हा जागच्या जागी पसरली, एक एक पान सरळ केलं, गुडघ्यांवर हात टेकून उठल्या आणि स्टॅण्डच्या वाटेला लागल्या. वाटेवर एकदाही मागं बघितलं नाही. त्या दिसेनाशा झाल्यावर मी पुढं गेलो आणि वेल बाजूला केली.

होती.